टनामागे सात किलो

मे २००८. बोईसर स्टेशनबाहेरचा टमटमवाला विचारतो, "टॅप्स ना?" तुम्ही मान हलवता. टॅप्स म्हणजे तारापूरचं अणुवीज केंद्र. कारखान्यांचा धूर मागे पडतो आणि खाऱ्या वाऱ्याचा वास येऊ लागतो. वाटेत तो हात करून दाखवतो: इकडे अक्करपट्टी होती, तिकडे पोफरण. तीन आणि चार नंबरच्या भट्ट्यांसाठी दोन्ही गावं उठली. फाटकावर जवान प्रत्येकाचा पास दोन-दोनदा तपासतात. तुमचा तपासत नाहीत, कारण तुम्ही त्यांना दिसतच नाही. काळप्रवासाची एवढी एक सोय आहे.

कंट्रोल रूममध्ये बाहेरच्या उकाड्याचा मागमूस नाही. ही देशातली सध्याची सर्वांत मोठ्या क्षमतेची अणुभट्टी, ५४० मेगावॉटची. सुरू होऊन तीन वर्षंही झालेली नाहीत, पण पॅनेलवरचा आकडा ५४०च्या बराच खाली आहे. नुकताच रुजू झालेला पोरगा शेजारच्या जुन्या ऑपरेटरला विचारतो, "काका, मशीनमध्ये काही फॉल्ट आहे का?"

"मशीनला काय धाड भरलीय? खायला नाही तिला."

काका अतिशयोक्ती करत नाहीत. या वर्षी देशातल्या जड पाण्याच्या भट्ट्या सरासरी निम्म्याच्या आसपास क्षमतेने चालल्यात, कारण युरेनियम नाही. झारखंडात जादूगुड्याच्या खाणीतून टनभर खडक वर काढला तर त्यात किलोभरसुद्धा युरेनियम नसतं. कॅनडातल्या काही खाणींत हेच प्रमाण शेकडा दहाच्या वर आहे. तिथून आणावं म्हटलं, तर गेली चौतीस वर्षं ती दारं बंद. मग आहे तेच पुरवून खायचं: आच कमी ठेवली की रोज कमी बंडलं लागतात.

बंडल म्हणजे अर्ध्या मीटरचा, ३७ कांड्यांचा जुडगा. कांड्यांत युरेनियम ऑक्साइडच्या काळ्या गोळ्या. भट्टीत आडव्या ३९२ नळ्या आहेत. एका टोकाने ताजं बंडल आत ढकलायचं, दुसऱ्या टोकाने जळालेलं काढून घ्यायचं, तेही भट्टी न विझवता. तुम्ही जळालेल्या बंडलांच्या मागे मागे जाता. ती एका खोल हौदात येऊन पडतात. पाणी स्वच्छ, तळापर्यंत दिसतं. जिथे बंडलं नुकतीच आली आहेत, तिथे पाण्याला फिकट निळी झाक आहे.

इथे कठड्यापाशी जरा थांबा आणि हिशोब करा. या हौदातल्या प्रत्येक टन युरेनियमपैकी फुटून ऊर्जा देऊन गेलं ते साधारण सात किलो. उरलेलं ९९३ किलो तसंच पडून आहे. टनाला साडेतीन-चार किलोचं आतल्या आत प्लुटोनियम झालंय, बाकी जवळजवळ सगळं युरेनियम-२३८. ते आत गेलं आणि जसंच्या तसं बाहेर आलं. वर भट्टी अर्धपोटी आहे आणि खाली हौदात शेकडा नव्व्याण्णव भाग शिल्लक! घरात कुणी असा व्यवहार केला असता तर आजीने चार शब्द सुनावले असते.

पण दोष तारापूरचा नाही. खडकातून येणाऱ्या युरेनियममध्ये सहज फुटणारा समस्थानिक, म्हणजे युरेनियम-२३५, शेकडा ०.७ एवढाच असतो. तो एवढाच का, हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागेल.

दोनशे कोटी वर्षं. सोबत प्राणवायूचं नळकांडं घ्या. हवेत प्राणवायू आलाय, पण तुमच्या फुप्फुसांना पुरणार नाही. आज जिथे गॅबॉन देशातलं ओक्लो आहे, त्या खडकावर तुम्ही उभे आहात. झाड नाही, गवत नाही, एक किडासुद्धा नाही. पाण्याच्या कडेला जीवाणूंचा बुळबुळीत थर, बस्स. वाफेचे फवारे वगैरे शोधू नका, भट्टी पायाखाली खडकांच्या थरांत गाडलेली आहे. हवेतल्या नव्या प्राणवायूने खडकांतलं युरेनियम पाण्यात विरघळलं, वाहत आलं आणि इथे साठलं. आणि या काळात त्यात २३५चं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्याही वर आहे. आजच्या साध्या पाण्याच्या भट्ट्यांसाठी कारखान्यात मोठ्या खटपटीने ३ ते ५ टक्के समृद्ध युरेनियम तयार करतात. तेव्हा डोंगरातच तसं मिळत होतं. फरक फक्त झिजण्याच्या वेगाचा: २३५ सत्तर कोटी वर्षांत निम्मं होतं, २३८ला त्यासाठी साडेचारशे कोटी लागतात. आपण फार उशिरा जन्माला आलो, एवढाच याचा अर्थ.

भूजल खडकात झिरपतं, न्यूट्रॉन मंदावतात, २३५ फुटू लागतं, खडक तापतो. पाणी उकळून निघून जातं आणि भट्टी विझते. खडक निवला की पाणी पुन्हा येतं. खनिजात अडकून राहिलेल्या झेनॉन वायूवरून शास्त्रज्ञांनी नंतर ताल काढला: अर्धा तास चालू, अडीच तास बंद. लाखो वर्षं, ऑपरेटरविना. आणि तारापूरचं कोडं ज्याच्यामुळे आहे ते २३८ही इथे नुसतं बसून नाही. सुटे न्यूट्रॉन गिळून त्याचं प्लुटोनियम होतंय, थोडं तिथेच फुटतंय, थोडं झिजून पुन्हा २३५ होतंय. म्हणजे जळणातून जळण निर्माण करण्याची युक्ती माणसाची नव्हेच.

परतताना वाटेत १९७२ लागतं, पण फार रेंगाळू नका. फ्रान्समध्ये पिएरलाटच्या कारखान्यात कुणीतरी गॅबॉनच्या युरेनियमचा नमुना तपासतोय. ०.७२०२ हवं तिथे ०.७१७१ दिसतंय. तिसऱ्या दशांश स्थळावरून या लोकांनी दोनशे कोटी वर्षांपूर्वीची चोरी पकडली.

आता २० डिसेंबर १९५१. अमेरिकेतलं आयडाहो, आर्को गावाजवळचं ओसाड माळरान, विटांची एक साधी इमारत. आत भट्टीचा गाभा फुटबॉलपेक्षा फार मोठा नाही. थंड करायला पाणी नाही, कारण पाणी न्यूट्रॉनना मंद करतं आणि इथे ते वेगवानच हवे आहेत. म्हणून सोडियम आणि पोटॅशियमचा पातळ धातू खेळवलाय. दुपारी दोनला थोडा अवकाश असताना तारेवर टांगलेले दोनशे-दोनशे वॉटचे चार बल्ब लागतात. अणूपासून उपयोगाइतकी वीज, जगात पहिल्यांदा. वॉल्टर झिन आणि त्यांची माणसं भिंतीवर खडूने आपापली नावं लिहितात.

इतिहासाला ते चार बल्ब आठवतात, पण ही भट्टी बल्ब लावायला बांधलेलीच नव्हती. वेगवान न्यूट्रॉनने प्लुटोनियमचा अणू फुटला की तीनच्या जवळपास नवे न्यूट्रॉन सुटतात. एक साखळी पुढे चालवायला लागतो. दुसरा २३८ला दिला की जळालेल्या प्लुटोनियमच्या जागी नवं तयार. जे उरेल, त्यातलं वाया जाऊ दिलं नाही तर तो नफा. ब्रीडर ती हीच. १९४४ साली शिकागोत फर्मी, झिलार्ड, विग्नर ही शास्त्रज्ञ मंडळी याच विचारात होती, कारण जगात युरेनियम फार थोडं आहे अशी त्यांची समजूत होती. १९५३ साली आयडाहोच्या मोजणीने दाखवून दिलं की जेवढं जळतं निदान तेवढं तरी नवं तयार होतं. कागदावर प्रश्न सुटला: सात किलोऐवजी जवळजवळ अख्खा टन.

मग घोडं अडलं कुठे? ते आयडाहोत दिसणार नाही. ते पाहायला मुंबईला या.

वाटेत नोव्हेंबर १९५४ची दिल्ली. होमी भाभा परिषदेत आपला तीन टप्प्यांचा आराखडा मांडताहेत. देशात युरेनियम थोडं, पण केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम भरपूर. पहिल्या टप्प्यात साधं युरेनियम जड पाण्याच्या भट्ट्यांत जाळायचं आणि त्यातून प्लुटोनियम काढायचं. दुसऱ्यात ते प्लुटोनियम ब्रीडरमध्ये घालून वाढवायचं. तिसऱ्यात थोरियम. देशात अजून एकही भट्टी नाही, अप्सरा सुरू व्हायला दोन वर्षं आहेत, आणि हा माणूस पुढच्या पन्नास-शंभर वर्षांचा शिधा मोजतोय. मला या आराखड्यातली हिंमत आवडते, आणि त्यातलं वेळापत्रक नेहमीच भाबडं वाटत आलंय.

१९६४, तुर्भे. मागे डोंगर, पुढे खाडी. ज्या इमारतीत तुम्ही शिरता तिच्या भिंती पुरुषभर जाड आहेत आणि आतल्या खोल्यांना माणसासाठी दारच नाही. होमी सेठनांच्या देखरेखीखाली भारतीय इंजिनियरांनी उभारलेला हा प्लुटोनियम कारखाना. शेजारच्या सायरस भट्टीतून जळालेल्या युरेनियमच्या कांड्या येतात. सायरस कॅनडाने दिलेली, तिच्यातलं जड पाणी अमेरिकेचं. कांड्या आधी हौदात निवल्या आहेत. इथे आधी त्यांचं ॲल्युमिनियमचं कवच कॉस्टिक सोड्यात विरघळवतात, मग युरेनियम नायट्रिक आम्लात. जे द्रावण होतं त्यात सगळंच एकत्र आहे: युरेनियम, चिमूटभर प्लुटोनियम आणि विखंडनातून निघालेली जालीम राख. त्यात रॉकेलसारख्या तेलात मिसळलेला ट्रायब्युटाइल फॉस्फेट घुसळतात. युरेनियम आणि प्लुटोनियम तेलात चढतात, राख आम्लात मागे राहते. पुढच्या पायरीत प्लुटोनियमला तेलातून पुन्हा पाण्यात उतरवतात. हे सगळं जाड भिंतीपलीकडे, नळ्यांमधून चाललंय. बाहेरच्या माणसांना दिसतात ते फक्त काटे, झडपा आणि प्रयोगशाळेकडे निघालेल्या नमुन्याच्या इवल्याशा बाटल्या.

कॅंटीनमध्ये दोन तंत्रज्ञ चहा घेताहेत. धाकटा विचारतो, "एवढा थोरियम आहे म्हणतात केरळात, मग डायरेक्ट तोच का नाही घालत भट्टीत? हा प्लुटोनियमचा द्राविडी प्राणायाम कशाला?"

थोरला बशीत चहा ओततो. "दूध कितीही असू दे रे, विरजणाशिवाय दही लागतं का? थोरियम आपणहून नाही फुटत. त्याला आधी न्यूट्रॉन द्यावा लागतो, मग त्याचं युरेनियम-२३३ होतं, ते फुटतं. पहिलं विरजण आपण त्या भिंतीआड काढतोय. आणि ग्रॅम-ग्रॅमने काढतोय, एवढं ध्यानात ठेव."

त्याच्या बोलण्यात चूक काही नाही, फक्त एक गोष्ट राहून गेली. त्या भिंतीआड निघालेलं प्लुटोनियम ब्रीडरलाही चालतं आणि बॉम्बलाही. रसायनशास्त्राला हेतू कळत नाही. १८ मे १९७४ला तुम्ही पोखरणला नाही गेलात तरी चालेल. वाळू हलली आणि तिच्याखाली सायरसमधलं, याच कारखान्यातून गेलेलं प्लुटोनियम होतं, हे कळलं तरी पुरे. कॅनडाने अंग काढून घेतलं. युरेनियम विकणाऱ्या देशांनी एकत्र येऊन गट केला आणि नियम कडक केले. तारापूरच्या जुन्या एक आणि दोन नंबरच्या भट्ट्यांना अमेरिकेतून येणारं समृद्ध युरेनियम आधी रखडलं, मग थांबलं.

म्हणजे २००८ साली काका ज्या उपासमारीबद्दल बोलत होते, तिचं एक मूळ या कॅंटीनच्या शेजारच्या इमारतीत आहे. (दुसरं आपल्या स्वतःच्या खाणी वेळेवर न उघडण्यात. ते झाकून सगळं खापर परदेशावर फोडणं मला पटत नाही.) युरेनियम पुरवून वापरायचं तर जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढण्याशिवाय गत्यंतर नाही. आणि प्लुटोनियम वेगळं काढणारा देश दिसला की युरेनियमवाले हात आखडता घेतात. काटकसरीचा उपाय आणि टंचाईचं कारण एकाच नळीतून वाहतं. अणुऊर्जेवरच्या आपल्या बहुतेक भाषणांत यातली एकच बाजू ऐकू येते, बोलणारा कोण आहे त्यावर ती कोणती ते ठरतं.

श्रीमंत देशांत ब्रीडर वेगळ्याच कारणाने आटल्या. एप्रिल १९७७मध्ये वॉशिंग्टनला अध्यक्ष कार्टर जाहीर करतात की अमेरिका व्यापारी पुनर्प्रक्रिया, म्हणजे जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणं, बेमुदत पुढे ढकलत आहे. तिथपर्यंत बॉम्बची भीतीच होती. पण १९९७ साली फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीकाठी सुपरफिनिक्ससमोर उभं राहा. बाराशे मेगावॉटची, जगातली सर्वांत मोठी ब्रीडर. १९८५पासून ती थोडी चालली आणि बरीच बंद राहिली. सोडियमची गळती झाली, एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने टर्बाइनच्या इमारतीचं छत कोसळलं. आता पंतप्रधान जोस्पॅं ती कायमची बंद करताहेत: परवडत नाही. १९४४ची मंडळी समजत होती तेवढं युरेनियम दुर्मीळ निघालंच नाही. बाजारात स्वस्त मिळत असताना शंभरातले नव्व्याण्णव भाग वाचवायला कुणी अब्जावधी फ्रॅंक का घालावेत? जपानच्या मोंजूत १९९५ साली सोडियम गळून आग लागली, आणि पुढे तीही मोडीत निघाली. रशिया मात्र चिकटून राहिला, त्याच्या ब्रीडर अजून वीज देताहेत.

आणि आपण. ऑक्टोबर १९८५, चेन्नईच्या दक्षिणेला कल्पाक्कम. छोटी चाचणी ब्रीडर पहिल्यांदा सुरू होतेय. आराखडा फ्रेंच, पण पोखरणनंतर तिच्यासाठी ठरलेलं अतिसमृद्ध युरेनियम मिळेना. मग तुर्भ्याच्या लोकांनी प्लुटोनियम आणि युरेनियमच्या कार्बाइडचं इंधन केलं, सत्तर टक्के प्लुटोनियमचं. असं इंधन जगात कुणीच गाभाभर वापरलेलं नव्हतं. ते पुढे कितीतरी वर्षं उत्तम चाललं.

तिथूनच पुढे, २६ डिसेंबर २००४. मोठ्या, ५०० मेगावॉटच्या ब्रीडरच्या पायाचा खड्डा तुमच्यासमोर आहे. सकाळी समुद्र आत येतो आणि खड्डा भरून टाकतो. पाणी उपसून, पाया पुन्हा उंच घेऊन काम सुरू होतं. वर्षामागून वर्षं जातात.

मधल्या काळात सप्टेंबर २००८मध्ये पुरवठादार देशांचा गट भारताला सूट देतो. परदेशी युरेनियम येऊ लागतं, पण आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या भट्ट्यांपुरतंच. तारापूरच्या तीन आणि चार नंबरच्या भट्ट्या त्या यादीत नाहीत. तरी त्यांनाही फायदा होतो: बाहेरचा माल राजस्थान आणि काक्रापारला लागला की जादूगुड्याचा इकडे मोकळा होतो.

४ मार्च २०२४. पंतप्रधान मोदींच्या उपस्थितीत कल्पाक्कमच्या मोठ्या ब्रीडरचा गाभा भरायला सुरुवात होते. आधी नियंत्रक दांडे, मग भोवतालचं २३८चं कडं, शेवटी प्लुटोनियम मिसळलेलं इंधन. आत साडेसतराशे टन सोडियमपैकी बराचसा भाग पातळ होऊन उभा आहे, वर आर्गॉन वायू. सोडियममधून काही दिसत नाही. तारापूरच्या हौदात तळ दिसत होता, इथे यंत्राला सगळं चाचपून, मोजमापांच्या भरवशावर बसवावं लागतं.

समारंभाची गर्दी ओसरल्यावर मराठी बोलणं कानावर येतं. एक प्रशिक्षणार्थी विचारतोय, "सर, मग थोरियमची वीज कधी?"

"तिकडे कामिनी आहे ना, ती युरेनियम-२३३वरच चालते. १९९६पासून."

"ती तीस किलोवॉटची आहे, सर."

सर हसतात आणि खिशातला कागद काढतात. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहता. या एका भट्टीच्या गाभ्याला प्लुटोनियम लागतं जवळपास दोन टन. जड पाण्याच्या भट्टीतल्या जळालेल्या टनामागे ते निघतं चार किलोहून कमी. भागाकार केला तर पाचशे टनांच्या वर जळालेलं इंधन आम्लात विरघळवावं लागलं, तेव्हा हा एक गाभा भरतोय.

"पण सर, ही ब्रीडर आहे. ही वाढवून देईल ना?"

"शंभर जळाले तर एकशे पाच. ऑक्साइड इंधनात एवढंच. धातूचं इंधन आलं तर बरंच वाढेल, पण ते अजून यायचंय. आणि हे एकशे पाचसुद्धा लगेच हातात पडत नाहीत. आधी निवायला ठेवा, मग विरघळवा, पुन्हा कांड्या करा. तो कारखाना इथेच शेजारी उभा राहतोय." ते पेन फिरवत आकडे लिहीत जातात. वर्षाकाठी शिल्लक पडणारं प्लुटोनियम वीस किलोच्या आसपास. दोन टनांना वीस किलोने भागल्यावर येणारी वर्षं पोरगा मनातच मोजतो आणि गप्प होतो. भट्टीचं आयुष्य धरलंय चाळीस वर्षं.

"म्हणजे दुसऱ्या ब्रीडरचा गाभासुद्धा..."

"तारापूर, रावतभाटा, काक्रापार. तिथल्याच हौदांतून. जड पाण्याच्या भट्ट्या जितक्या जास्त चालतील तितकं लवकर. म्हणून तर त्या अर्धपोटी चालत होत्या तेव्हा आमचाही जीव वरखाली व्हायचा."